नवमीचं पान

माझे सासरे यशवंतराव पुण्याहून जर्मनीत, गेर्लिंगेनला आमच्याकडे आले, तेव्हा त्यांचे कपडे अंगावर लोंबत होते. सासूबाई जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. मुलगा, म्हणजे माझा नवरा शिरीष, दिवसभर ऑफिसात. बाबांना जेवायला घालायचं काम माझ्याकडे. मी तशी चिडकी. कुणी दोन घास खाऊन ताट बाजूला सारलं की माझं डोकं फिरतं. पण बाबांपुढे माझं काही चालेना.

त्यांना थोडंफार जगाकडे आणलं ते शेजारच्या फ्राऊ लॉइबलेंनी. बागेच्या मागे आमचं कुंपण म्हणजे हेझलची झुडपं आणि पलीकडे लगेच जंगल. त्या झुडपांत एक हाझेलमाउस राहते, असं त्यांनी बाबांना दाखवलं. अंगठ्याएवढा, उंदरासारखा तांबूस जीव, झुबकेदार शेपटी, डोळे काळेभोर. त्या असले दुर्मिळ प्राणी मोजायला जात. बाबाही जाऊ लागले, वहीत नोंदी करू लागले आणि माझ्याशी बोलताना 'बरोबर'ऐवजी मध्येच त्यांच्यासारखं 'गेनाऊ' म्हणू लागले.

ऑक्टोबरात पितृपक्षातली अविधवा नवमी आली. बाबांनी सासूबाईंसाठी पान वाढायला लावलं. वरणभात, वडे, खीर. झुडपांपाशी ठेवून दुपारभर उभे राहिले. कावळे वर होते, एकही खाली उतरेना.

"कुंदा, मी वेळेवर जेवेन," शेवटी ते सासूबाईंना उद्देशून म्हणाले. "आता तरी घे."

कावळा आला नाही. सकाळी मात्र पान चाटूनपुसून स्वच्छ होतं. "आली होती ती," म्हणाले, आणि त्या दिवशी दोन पोळ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले. ओल्या मातीत दुभंगलेल्या खुरांचे ठसे होते. रानडुकरं. मी पायाने माती सारखी केली.

बाबा मग रोज मूठभर भात ठेवू लागले, आणि रोज तो नाहीसा होई. सकाळी त्यांच्या आधी उठून मी ठसे पुसत राहिले. मला त्यांनी जेवायला हवं होतं, बस्स. डुकरांचं काय एवढं, असं मला वाटे.

ऑक्टोबर संपताना फ्राऊ लॉइबलेंनी त्यांना झुडपाखाली, पानांच्या थरात, गवताचा एक गोळा दाखवला. हाझेलमाउस आत झोपली होती, थेट एप्रिलपर्यंत. बाबांनी शेजारी एक काडी रोवली. रोज लांबूनच बघून यायचे. "वसंतात उठेल, तोवर थांबतो," असं त्यांनी शिरीषला सांगितलं. परतीचं तिकीट पुढे ढकललं. मी खूश होते, तेव्हाच खरं तर मी बोलायला हवं होतं.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी मला उठायला उशीर झाला. बाहेर गेले तर झुडपांखालची सगळी जमीन नांगरल्यासारखी उलटली होती. बाबा उकिडवे बसले होते. हातात गवताचा फाटका गोळा, रिकामा.

फ्राऊ लॉइबले आल्या, ठसे बघितले. "आल्झो, बघा, रानडुकरं हल्ली फार वाढलीत," त्या म्हणाल्या. "मका भरपूर, हिवाळे सौम्य. पानांखाली झोपलेलं काहीही त्यांना वासाने सापडतं. पण घरांच्या इतक्या जवळ ती उगाच येत नाहीत. कुणी खायला ठेवतं का?"

बाबांनी भाताच्या जागेकडे पाहिलं. तिथून झुडपांपर्यंत ठसेच ठसे होते. मग माझ्याकडे पाहिलं.

"नंदिनी, तुला माहीत होतं?"

"हो, बाबा."

"कधीपासून?"

"पहिल्या पानापासून."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी रडत होते, आणि ते माझी समजूत काढावी तसं हळूच म्हणाले, "म्हणजे नवमीलाही ती आली नव्हती."

मी मान हलवली. घरात येऊन त्यांनी हात धुतले, टेबलाशी बसले आणि मी वाढलेलं सगळं खाल्लं. मला वाईट वाटू नये म्हणून.