लेपाचं बाळसं

मार्गशीर्षातला गुरुवार होता आणि तात्यापारा या आमच्या मोहल्ल्यातल्या अंजनाबाईंच्या बैठकीत बायका डोळे पुसत होत्या. पूजा केव्हाच आटोपली होती, तेव्हा कारण भक्तीचं नव्हतं. लेप विकायला आलेल्या अरण्या दीदींनी एकेकीच्या गालातून विष काढून दाखवलं होतं.

ते असं. दीदी आधी प्रत्येकीला मोरीवर पाठवत. आपल्या घरच्या साबणानं तोंड धुवायचं, पण पाणी जास्त घ्यायचं नाही, "त्वचा को बोलने दो." मग दीदी कालवलेली हळद बोटावर घेऊन त्या गालाला लावत. पिवळी हळद बघता बघता लाल होई.

"देखो बहनों! इतकी वर्षं क्रीम-पावडर लावून राहिल्या ना तुम्ही, ते केमिकल रक्तात उतरलं. आता बाहेर येऊन राहिलं."

मग त्यावर त्यांच्या डबीतला शुद्धीलेप चोळायचा. लेपाला लिंबाचा वास होता. लाल रंग जाऊन गाल पुन्हा पिवळा. "गया जहर!"

"बाप्पा!" अंजनाबाई म्हणाल्या. "माह्या गालात इतकं जहर अन् मी अजून जिवंत!"

"चमत्कार तर तोच आहे," मी म्हणाले. कोणी हसलं नाही.

लेप म्हणे बस्तरच्या जंगलातल्या सात मुळ्यांचा. दीदींचा नियम एकच होता, "जो खा नहीं सकते, वो लगाना नहीं." डबीवर एक हिरवं पान छापलेलं आणि खाली 'केमिकल-फ्री'. बाकी डबी कोरी. कोणी बनवला, कधी बनवला, आत काय, काही नाही. जंगलाला पत्ता नसतो, असं दीदींचं म्हणणं.

माझी सून चित्रा तीन डब्या घेऊन घरी आली. एक स्वतःसाठी आणि दोन श्रेयससाठी. श्रेयस माझा नातू, पाच महिन्यांचा. त्याच्या बारशाला आलेल्या बायकांनी पाळण्यात डोकावून "नाक बापाचं आहे, पण रंग कोणावर गेला वो?" असं विचारलं होतं. चित्रा तेव्हा हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. तो शब्द तिच्या काळजात रुतून बसला होता, हे मला माहीत होतं.

"लेकराले काहून लावून राहिली?" मी विचारलं.

"नॅचरल आहे, आई. नॅचरलनं काय होते?"

"धोतराही नॅचरलच आहे."

"तुमचा तर कशावरच विश्वास नाही!"

सासूच्या तोंडून आलेलं शास्त्र सुनेला टोमण्यासारखं ऐकू येतं. तिनं अंघोळीआधीची तेलाची मालिश बंद केली आणि रोज लेपानं मालिश सुरू केली, टाळूपासून तळव्यापर्यंत.

आणि पोट्टा गोरा झाला हो! वर त्याचे गाल फुगले. "काय बाळसं धरलं!" म्हणत पाऱ्यातल्या बायका बघायला येऊ लागल्या. येताना रिकाम्या हाती येत आणि जाताना दीदींचा नंबर घेऊन जात. गालांनी डोळे बारीक झाले, हनुवटी दिसेनाशी झाली. मला मात्र ते बघवत नव्हतं. चेहरा चंद्रासारखा आणि हातपाय काड्यांसारखे. कपाळावर, पाठीवर बारीक लव आली होती. झबलं लांबीला तोकडं होत नव्हतं, नुसतं गळ्याशी आवळत होतं. मी बोलले की चित्रा दृष्ट काढायची. माझीच, असा मला संशय आहे.

मग त्याला ताप आला. तीन दिवस उतरेना. तेव्हा ती माझ्यासोबत समता कॉलोनीत डॉक्टर सुनीतींच्या दवाखान्यात आली.

डॉक्टरांनी श्रेयसला उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "मालिश कशाची करता?"

चित्रानं अभिमानानं डबी पुढे केली. डॉक्टरांनी तापाचं औषध सुरू केलं, रक्त तपासायला घेतलं आणि डबीही प्रयोगशाळेत पाठवली. अहवाल आले तेव्हा त्यांनी चित्राला जवळ बसवलं.

"हे बाळसं नाही, औषधानं साचलेली चरबी आहे. या लेपात स्टेरॉइड आहे, फार जोरकस. ते नेमानं लावलं की रंग उजळतो, म्हणून भामटे मिसळतात. आपलं शरीर रोज थोडं स्टेरॉइड स्वतः बनवतं. बाळाची कातडी पातळ, त्यातून इतकं आत गेलं, की याच्या शरीरानं स्वतःचं बनवणं सोडून दिलं. अशात साधा तापही जिवावर बेतू शकतो."

"मी आत्ता फेकते सगळ्या डब्या!"

"लेप बंदच. पण शरीराला तो आधार एकदम काढून चालत नाही. मी औषध देते, ते हळूहळू कमी करू. एकही दिवस चुकवायचं नाही."

बाहेर येऊन चित्रा पायरीवर बसली. "आई, मीच केलं ना हे?"

"तू लावलं. केलं दुसरीनं," मी म्हणाले. मला दीदींपेक्षा बारशाच्या बायकांचा राग जास्त आला.

संक्रांतीचं हळदीकुंकू पुन्हा अंजनाबाईंकडे होतं आणि त्यांनी वाण म्हणून काय ठरवलं होतं? शुद्धीलेपाच्या डब्या. पाऱ्यातल्या घराघरात जाणार होत्या. दीदी मुख्य पाहुण्या होत्या.

त्यांचं "देखो बहनों" सुरू होताच चित्रा उठली. "दीदी, आज मी करून दाखवते." तिनं स्टीलचं ताट घेतलं, त्यावर ओला साबण फिरवला आणि हळद लावली. लाल झाली.

"दीदी, या ताटानं कोणती क्रीम लावली होती?"

चित्रानं त्यावर लिंबू पिळलं. पिवळं झालं. "गेलं जहर. ताट शुद्ध झालं."

"स्टील भी तो फैक्टरी का है," दीदी म्हणाल्या. "उसमें केमिकल रहता है."

चित्रानं अंगणातलं केळीचं पान तोडून आणलं. साबण, हळद, लाल. लिंबू, पिवळं. "हे कोणत्या फॅक्टरीचं?"

आता मलाही राहवेना. "अवो बायांनो, पूर्वी घरोघरी कुंकू कशाचं करत होते? हळदीचंच ना? तिले खार लागला की ती लाल होते. साबणात खार, लिंबात आंबट. हाती करंडा धरून बसल्या आहात आणि हळद लाल झाली म्हणून रडता?"

चित्रानं डबी उघडून त्यात चमचा बुडवला आणि दीदींच्या तोंडासमोर धरला. "खाता येत नाही ते लावायचं नाही ना? घ्या."

"आज मेरा उपवास है," दीदी म्हणाल्या. मघाशी तिळगुळाचे लाडू त्यांनी माझ्याच ताटलीतले उचलले होते.

मग चित्रानं श्रेयसचे अहवाल मोठ्यानं वाचले. दीदी चपला शोधू लागल्या. अंजनाबाईंनी हातातलं वाणाचं ताट खाली ठेवलं. "मी माह्या नातीले लावून राहिले वो!" दुसऱ्या दिवशी त्या नातीला घेऊन डॉक्टर सुनीतींच्या दारात होत्या, आणि त्यांच्यामागे आणखी बऱ्याच जणी. डब्या वाणात गेल्या नाहीत, तक्रारीसोबत सरकारी औषध खात्यात गेल्या.

एवढंच सांगायचं आहे. केमिकल या शब्दाला भिऊ नका; पाणीही केमिकल आहे आणि हळदही. नॅचरल या शब्दाला भुलू नका. डबीत काय आहे ते डबीवर वाचा, कळलं नाही तर जाणत्याला विचारा, आणि जिच्यावर काहीच लिहिलेलं नाही ती घरात आणू नका. झटपट गोरं करणाऱ्या वस्तूत काय असेल, हा प्रश्न आधी विचारा. आणि पाळण्यात डोकावून रंगाबद्दल बोलण्याआधी जीभ चावा.

फाल्गुनात अंजनाबाईंच्या जाऊबाई आमच्या घरी आल्या. त्यांनी श्रेयसला पाहून कपाळाला हात लावला. "काय गत झाली पोट्ट्याची! पार वाळला. काळाही पडला."

"हव काकू," चित्रा म्हणाली. "आज सकाळी रांगला."