नऊ नंबरची बेल

इथे राहायला येताना माझ्या वडिलांनी, आप्पांनी, एकच अट घातली होती. "दाबल्यावर कोणी येणार असेल तरच मी बेल दाबेन. नाहीतर माझं मी उठेन." उभा जन्म शाळेत मास्तरकी केलेला माणूस, अटीशिवाय बोलणार कसा? पण खुब्याचं हाड जोडून जेमतेम दोन महिने झाले होते. एकट्याने उठायचं नाही, पुन्हा पडले तर चालणं विसरा, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. म्हणून मी छातीठोकपणे म्हटलं, "आप्पा, तुम्ही फक्त दाबा, माणूस येईलच. ते बघणं माझंच काम आहे."

ते खरोखरच माझं काम होतं. या बावीस खोल्यांच्या वृद्धाश्रमातले कॉम्प्युटर मी सांभाळते. प्रत्येक पलंगाशी एक बटण आहे. ते दाबलं की त्यावरचा बारीक लाल दिवा लागतो आणि सिस्टरांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर खोलीचा नंबर वाजतो. त्या कॉम्प्युटरला दोन वायरी आहेत. एक ऑफिसकडे जाते, दुसरी व्हरांड्यातल्या पेटीकडे, जिथे सगळ्या बेलचं जाळं एकत्र येतं. चालू होताना कॉम्प्युटर आधी दोन्ही वायरी तपासायचा. पलीकडे कोणी जागं आहे का? आपल्याला पत्ता मिळाला का? दोन्हीकडून होकार आला की मगच बेलचा प्रोग्रॅम सुरू व्हायचा.

घोळ इतकाच, की वीज जाऊन आली की व्हरांड्यातली पेटी जागी व्हायला दोन मिनिटं घ्यायची. तोवर कॉम्प्युटर पडद्यावर 'जाळ्याची वाट पाहत आहे' एवढंच लिहून बसायचा, आणि मोठ्या सिस्टर माझ्यावर उखडायच्या. "ताई, हे यंत्र आहे का नवरदेव? तयार कधी होतोय म्हणून सगळ्यांनी ताटकळायचं!"

मला टोमणे सहन होत नाहीत, हा माझा जुना रोग. शेवटी एक दिवस मी त्या तपासणीत एकच ओळ बदलली. दोन्ही वायरी नकोत, कुठलीही एक तयार झाली तरी पुढे जा. मग सिस्टरांसमोर कॉम्प्युटर बंद करून चालू करून दाखवला. पंधरा सेकंदात तयार. पेटी तेव्हा जागीच होती, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. सिस्टर खूश, मी त्याहून खूश.

महिन्याभराने एके दिवशी सकाळी दहाला वायरमनने मुख्य बोर्ड दुरुस्तीसाठी सगळी वीज बंद केली. दहा वाजून दहा मिनिटांनी परत आली. मी टेबलाशीच उभी होते. कॉम्प्युटर झटकन उठला, पडद्यावर हिरवी अक्षरं आली, 'जाळे तयार'. खाली बावीस चौकोन, सगळे शांत. मी सिस्टरांकडे बघून भुवया उडवल्या आणि चहा घेऊन ऑफिसात जाऊन बसले. आप्पांना भेटायचं होतं, पण म्हटलं अर्ध्या तासाने जाऊ. आत्ता गेलं की केस का विंचरले नाहीस इथपासून सुरुवात होईल.

पावणेअकराला परत आले तेव्हा मोठ्या सिस्टर गोळ्यांच्या डब्या लावत बसल्या होत्या.

"आज कसं शांत वाटतंय," त्या म्हणाल्या. "चार नंबरच्या आजींनीसुद्धा छळलं नाही."

चार नंबरच्या आजी दर दहा मिनिटांनी बेल दाबतात. पंखा वाढव, पंखा कमी कर, वाजले किती. त्या झोपेतसुद्धा दाबतात असं सिस्टर म्हणतात. कप तिथेच ठेवून मी चार नंबरमध्ये गेले.

"आलीस एकदाची?" आजी बटण माझ्यासमोर नाचवत म्हणाल्या. "दाबून दाबून बोट सुजलं माझं! दिवा लागतोय, माणूस काही येत नाही. सगळे मेलात की काय?"

बटणावरचा लाल दिवा छान लागलेला होता.

मला सगळं एका क्षणात कळलं. ऑफिसची वायर आधी तयार झाली होती. 'कुठलीही एक' हा माझाच हुकूम. प्रोग्रॅमने उठून बेलकडचा रस्ता शोधला, पेटी अजून झोपेत होती, आणि हा दिवटा एकदाच बघतो, पुन्हा बघत नाही. पस्तीस मिनिटं तो हिरवी अक्षरं दाखवत बहिरा बसला होता. वर्गातल्या एका पोराने 'हजर' म्हणावं आणि मास्तरांनी अख्ख्या वर्गाची हजेरी मांडावी, तसं झालं. आप्पांनी असं कधी केलं नसतं. ते मान वर करून प्रत्येकाचं तोंड बघायचे.

"सिस्टर, सगळ्या खोल्या बघा!" एवढं ओरडून मी आप्पांच्या नऊ नंबरकडे पळाले. तो व्हरांडा तसा चाळीस पावलांचा, पण त्या दिवशी संपता संपेना. झोपलेले असू देत, पेपर वाचत असू देत, माझ्यावर चिडलेले असू देत, पण पलंगावर असू देत, असं मी मनात घोकत होते.

पलंग रिकामा होता. आप्पा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी कुशीवर पडले होते. लेंगा ओला झालेला. डोळे उघडे होते, आणि मला बघून त्यांनी आधी लेंग्यावर हात ठेवला.

पाठोपाठ मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी आप्पांना न हलवता नाडी पाहिली, पाय पाहिला, डॉक्टरांना फोन लावला आणि मग तोंड सोडलं. "किती वेळा सांगितलं, उठायचं नाही म्हणून! बेल कशाला दिली आहे? दाबायला काय होतं?"

आप्पा भिंतीकडे बघत म्हणाले, "चुकलं. मी दाबलीच नाही बेल. म्हातारपणीचे चोचले, दुसरं काय."

खरं सांगते, त्या क्षणी माझा जीव भांड्यात पडला. दाबलीच नाही, म्हणजे माझा दोष नाही. बाप जमिनीवर पडलाय आणि मला हायसं वाटतंय, याची लाज दुसऱ्याच क्षणी वाटली, पण आधी हायसंच वाटलं.

डॉक्टर यायला दहा मिनिटं होती. बाकीच्या खोल्यांतले सगळे ठीक होते. पण कॉम्प्युटर तसाच बहिरा ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून मी टेबलाशी धावले. ती ओळ पूर्वीसारखी केली, दोन्ही वायरी तयार झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दोन्हीकडून होकार आले आणि प्रोग्रॅम सुरू झाला.

आणि पडदा भडाभडा वाजू लागला. बटणांमध्ये बारीकशी आठवण असते, हे मी विसरलेच होते. पोहोच मिळाली नाही तर ती दाबल्याची वेळ जपून ठेवतात आणि रस्ता मिळाला की एकदम पाठवतात. चार नंबर, एकतीस वेळा. सोळा नंबर, दोन वेळा. नऊ नंबर, दहा बारा. नऊ नंबर, दहा चौदा. दहा सतरा. दहा एकोणीस. दहा बावीस. दहा सव्वीस. दहा एकतीस. सात वेळा.

मी परत नऊ नंबरमध्ये गेले. सिस्टर कोरडे कपडे आणायला बाहेर पडल्या होत्या. मी आप्पांच्या शेजारी फरशीवर बसले.

"आप्पा, तुम्ही सात वेळा दाबली होती."

त्यांनी ओला लेंगा सावरला. मग म्हणाले, "सिस्टरांसमोर कशाला ते? नोकरी आहे तुझी."

मला रडू कोसळलं. त्या ओळीचं, पंधरा सेकंदांचं, सगळं सांगून टाकलं. ते ऐकत होते.

"दोन मिनिटं मी थांबलो असतो गं," ते म्हणाले. "दोनाचं काही नव्हतं. वीस थांबवेना."

सिस्टर कपडे घेऊन आल्या तेव्हा मी त्यांनाही सगळं सांगितलं. मग डॉक्टर आले. खुब्याचं हाड पुन्हा सरकलं होतं.

याला आता दीड महिना झाला. वीज जाऊन आली की कॉम्प्युटर मुकाट्याने दोन मिनिटं वाट पाहतो, आणि सिस्टर तोवर स्वतः खोल्या फिरून येतात. आप्पांच्या उशाशी मी बटण रोज नीट ठेवते. रोज सांगते, "आता येतील, आप्पा. नक्की येतील." ते हो म्हणतात. मग टेबलाशी येऊन मी नऊ नंबरच्या नोंदी उघडते. शेवटची नोंद अजून दहा एकतीसचीच आहे.