मृत्युपत्रावरची दुसरी सही

"सोजरे, अंगठा मीच उठवलाय, माझ्या राजीखुशीनं. आता खाली तुझी सही कर. आन् उद्या कुणी इचारलं तर सांग. माझ्या चांगुणेला उघड्यावर पडू दिऊ नगंस."

अनसाबाईचा हा आवाज दोन वर्षं झाली तरी सोजराबाईच्या कानातून गेला नव्हता. तेव्हा ती शिरूर तालुक्यात, गावात, अनसाबाईच्या शेजारी राहायची. तो दिवस सोमवारचा. सोमवारी दिवेलागणीपर्यंत सोजराबाई बोलत नसे, उंबराही ओलांडत नसे. शेजारच्या घरात पहिले साक्षीदार असलेल्या मास्तरांसमोर म्हातारीचा अंगठा उठला, तेव्हा ती देवापुढं बसलेली. मग म्हातारीच कागद घेऊन, भिंतीला धरत तिच्या दारात आली. बोलली, तिथंच टेकली. सोजराबाईनं मान हलवली आणि तिच्यासमोर सही केली. व्रताच्या बाईची सही दारात येऊन घ्यायची गावाची रीतच होती. कागद वाचावा असं काही तिच्या मनात आलं नाही.

मृत्युपत्राच्या त्या कागदात लिहिलं होतं, 'आम्हां दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष अंगठा केला.'

अनसाबाई गेली. नवऱ्यानं टाकलेल्या, तिच्या आसऱ्याला आलेल्या चांगुणेनं सात वर्षं तिचं दुखणंखुपणं काढलं, म्हणून दोन खोल्यांचं घर तिच्या नावे झालेलं. म्हातारीचा पुतण्या सर्जेराव शिरूरच्या कोर्टात गेला. मास्तरांची साक्ष झाली. दुसरी साक्ष सोजराबाईची, येत्या सोमवारी. ती फिसकटली की चांगुणा रस्त्यावर.

रविवारी दुपारी सर्जेराव सोजराबाईच्या दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये हजर. तिचा नवरा हौशीराम ड्यूटीवर होता.

"चहा नगं काकू. तुमच्या हातचं पाणीच तीर्थ." तो हसला. "समक्ष म्हंजी काय, ठावं हाय ना? डोळ्यांदेखत. तुम्ही अंगठा उठवताना बघितलं व्हतं?"

"न्हाई."

"मग सोमवार धरणाऱ्या बाईनं शपथेवर खोटं बोलायचं? तुरुंग हाय त्याला. काका सरकारी नोकर, त्यांचाबी इचार करा."

त्यानं खिशातून कागद काढला. एकच ओळ होती. 'अनसाबाईने अंगठा केला तेव्हा मी तेथे नव्हते.'

शब्दन् शब्द खरा. सोजराबाईनं पेन हातात घेतलं. चांगुणेच्या वकिलानं गेल्या आठवड्यात दोनदा विचारलेलं तिला आठवलं, "म्हातारी स्वतः तुम्हाला काय म्हणाली?" तो त्या एकाच प्रश्नाच्या मागं का लागलाय, ते तिला अजूनही कळलं नव्हतं.

"हे खरं हाय, सर्जेराव. पर खाली आणखी घाला. अनसाबाईनं माझ्या दारात तोंडानं सांगितलं, अंगठा माझाच. आन् तिच्यासमोर मी सही केली."

"त्याची काय गरज?"

"ते बी खरंच हाय की."

"पुढचं पुराण कशाला? बघितलं न्हाई म्हंजी न्हाई!"

"मग एवढं रागवायला काय झालं?"

त्यानं कागद ओढून घेतला. "त्या वकिलानं पढवलं व्हय? अंगठा बघितला नसला तरी तोंडी कबुलीबी चालती म्हणून?"

सोजराबाई त्याच्याकडं बघतच राहिली. "मला कुणी न्हाई पढवलं. चालती व्हय?"

सर्जेरावानं जीभ चावली. दाराशी जाऊन तो वळला. "उद्या आमचा वकील इचारील, न वाचता सही कशी केली? सगळं कोर्ट हसंल. आन् उद्या सोमवार. मौनात साक्ष कशी देणार, काकू?"

एकवीस वर्षांत एकही सोमवार मोडला नव्हता.

सकाळी तिनं महादेवाला बेल वाहिला. हात जोडून बराच वेळ बसली. मग हळूच म्हणाली, "आजच्या दिवस बोलते, देवा."

हौशीराम मागं चपापला. "स्टँडवर सोडू का?"

"नगं. तुमची ड्यूटी हाय."

डोक्यावरून पदर घेऊन तिनं उंबरा ओलांडला आणि शिरूरच्या एस.टी.साठी स्टँडची वाट धरली.