नॅशनल पॅरोल बोर्डाची मुदतवाढ

दम्मामच्या त्या लेबर कॅम्पात ऐंशी माणसं राहत होती आणि ऐंशींचेही पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत होते. महिन्याला तिघांनाच घरी सोडायचं, असा कफिलाचा, म्हणजे कंपनीच्या अरब मालकाचा हुकूम. ते तिघे कोण, हे ठरवायची कटकट मॅनेजरला नको होती, म्हणून त्याने ती कामगारांच्याच गळ्यात घातली. अशोक सुताराचा भाऊ एकदा नाशिकच्या तुरुंगातून पॅरोलवर घरी आला होता. "आपलं तरी वेगळं काय आहे?" अशोक म्हणाला आणि नाव चिकटलं. तिघांच्या बोर्डात एक मल्याळी होता, म्हणून ते नॅशनल पॅरोल बोर्ड.

बोर्ड शेफारू नये म्हणून त्याच्या डोक्यावर पार्लमेंट होतं. पार्लमेंट म्हणजे मेसमध्ये जमलेली उरलेली जनता. दर सहा महिन्यांनी, शुक्रवारच्या नमाजानंतर आणि बिर्याणीच्या आधी, ही जनता बोर्डाची उलटतपासणी घ्यायची आणि एक तर मुदत वाढवून द्यायची, नाहीतर हाकलून द्यायची. बिर्याणी आधी वाढली तर कुणी प्रश्नच विचारत नाही, हे अनुभवाने कळलं होतं.

बोर्डाचा अध्यक्ष कादिर, रत्नागिरीचा, कंपनीत स्टोअरकीपर. माणूस सरळ, पण त्या सरळपणाचा त्याला जरा माज होता. बोर्डावर असेपर्यंत मेंबरने स्वतःसाठी अर्ज करायचा नाही, हा नियम त्याचाच. सुटणाऱ्याने एक जामीन द्यायचा आणि तो परत येईपर्यंत जामिनाने घरी जायचं नाव काढायचं नाही, हाही त्याचाच. ऑगस्टात इराकने कुवेत गिळून राडा केल्यावर त्याने तिसरा नियम केला, की भीती हे कारण धरलं जाणार नाही. गुहागरच्या गिरीश वेल्डरने अर्जात सरळ 'भीती वाटते' एवढंच लिहिलं होतं. कादिरने तो अर्ज फेटाळला आणि वर त्याला भाषण दिलं. "अरे, भीती कोणाला नाही? असे सोडत बसलो तर उद्या अख्खा कॅम्प रिकामा होईल."

मग नवीन वर्ष लागताच कंपनीने गॅस मास्क वाटले आणि अध्यक्षांची पाचावर धारण बसली. कुवेत सोडायला इराकला दिलेली मुदत मंगळवारी संपणार होती आणि आज शुक्रवार, अकरा जानेवारी. कादिरने मनाशी ठरवलं होतं. एकदा रत्नागिरीला पोचायचं, बायकोच्या, अख्तरीच्या हातची भाकरी खायची आणि पुन्हा या वाळवंटाकडे तंगड्या करूनसुद्धा झोपायचं नाही. राजीनामा दिला तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून पार्लमेंटनेच त्याला हाकलायला हवं होतं, आणि तेही आजच, कारण यादी उद्या सकाळी मॅनेजरकडे जाणार होती. त्याला वाटलं, यात काय अवघड आहे?

"अध्यक्षांबद्दल कुणाची तक्रार?" पार्लमेंटचा सभापती म्हणून अशोकने विचारलं. कुणाचीच नव्हती.

"माझी आहे," कादिर म्हणाला. "यासीनचा अर्ज मी पुढे सरकवला. त्याने मला कैरीचं लोणचं दिलं होतं."

"कसं होतं?" मागून एकाने विचारलं.

"खारट."

"मग ती लाच कसली, ती तर शिक्षा झाली."

मेस हसली. कादिर हट्टाला पेटला. गेल्या महिन्यात चार अर्ज आपण न वाचताच फेटाळले, असं त्याने सांगून टाकलं. त्यावर, असा खरं बोलणारा अध्यक्ष दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, असं अशोकने जाहीर केलं आणि मुदतवाढीचा ठराव मांडला. भराभर हात वर झाले.

मग कादिरच्या तोंडून ते निघूनच गेलं. "मला भीती वाटते. मास्क घातला की जीव कोंडतो माझा. मला घरी जायचंय. नियम केला तेव्हा भीती दुसऱ्यांची होती."

हसू थांबलं. वर गेलेले हात एकेक करून खाली आले. कादिरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पार्लमेंटने मुदतवाढ नामंजूर केली, भीतीचा नियम रद्द केला आणि उभ्याउभ्या नवं बोर्ड नेमलं. तीन वर्षं घर न पाहिलेला कॅम्पात कादिर एकटाच होता, म्हणून नव्या बोर्डाने पहिला अर्ज त्याचाच मंजूर केला.

"जामीन कोण?" अशोकने विचारलं.

कुणी छताकडे पाहू लागलं. यासीन चपलेचा अंगठा तपासत बसला. आता जो जाईल तो काही परतत नाही आणि त्याचा जामीन इथेच अडकतो, हे कळायला कुणाला शाळेत जावं लागलं नव्हतं.

गिरीश उठला आणि त्याने सही केली.

कादिरने त्याला हाताला धरून पाण्याच्या कूलरपाशी नेलं. "वेडा झालास काय? नियम गेला. आता तुझाही अर्ज मंजूर होईल."

"माहितेय."

"गिरीश, मी परत येणार नव्हतो."

"तेही सगळ्यांना माहितेय, कादिरभाई. म्हणून तर कोणी उठलं नाही."

"मग तू का उठलास?"

"मी मे महिन्यात जाऊन आलोय. तुम्ही तीन वर्षं इथेच." गिरीशने पेन खिशाला लावलं. "रत्नागिरीहून गुहागर काही लांब नाही. माझ्या आईला भेटा. सांगा, गिरीश अजिबात घाबरत नाही."

"खोटं सांगू?"

"इतकी वर्षं बोर्डावर होतात. जमेल तुम्हाला."

कादिरला हसायचं होतं, पण रडू आलं आणि ते त्याने लपवलंही नाही. तो अशोककडे गेला आणि आपला अर्ज परत मागून घेतला. त्यात परतीच्या तारखेचा रकाना त्याने मुद्दाम कोरा सोडला होता. त्याने तिथे 'दहा फेब्रुवारी' असं लिहिलं आणि कागद अशोकच्या हातात दिला.