आईला ‘तुम्ही’

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. अंगावरची सोनेरी वेलबुट्टी हातांच्या घामानं पुसून गेली आहे. चालताना मी इतकी खडखडते, की शेजारीण भिंतीपलीकडून विचारते, “काय हो, दळण घातलंय का?”

पण नवी होते तेव्हा मला नव्या नवरीसारखं खिडकीशी बसवलं होतं. गणवेश, अभ्रे, झालरीचे फ्रॉक, काय काय शिवलं मी! लोक म्हणायचे, “टीप बघा, जशी मुंग्यांची रांग!” या घरची आई माझ्यावर वाकून गुणगुणायची,

सुई जाई पुढं पुढं, दोरा मागं मागं जाई
लेक शिकून होई मोठी, तिची सावली गं आई

लेक माझ्याच फळीवर अक्षरं गिरवायला शिकली. यंदा तिची इंग्रजीची मोठी परीक्षा होती. जुन्या इंग्रज कवींच्या कविता, आणि वर व्याकरण. कविता काही केल्या तिच्या डोक्यात शिरत नव्हत्या. म्हणून एका दुपारी तिची हुशार मैत्रीण शिकवायला आली. डॉक्टरांची मुलगी ती, कडक इस्त्रीच्या कपड्यांतली. आईला संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकाचं काम द्यायचं होतं. मी खडखडतच होते.

“या कोण गं?” मैत्रिणीनं हळूच विचारलं.

लेकीनं माझ्याकडे पाहिलं, आईच्या विटक्या साडीकडे पाहिलं.

“या होय? या... शिवायला येतात आमच्याकडे.” मग मान वर न करता म्हणाली, “अहो, तुम्ही जरा मशीन थांबवता का? आमचा अभ्यास चाललाय.”

अहो! तुम्ही! बोबड्या बोलांपासून जिला ‘ए आई’ म्हटलं, तिला!

आईचा पाय थबकला. सुई कापडात अर्धीच रुतून राहिली.

“थांबवते हो, ताई,” आई म्हणाली.

मला वाटलं, माझी लोखंडी काया वितळून जावी. माझ्या खडखडाटानंच ही वेळ आणली ना!

मुली कवितेकडे वळल्या. कवी एका ताऱ्याशी बोलत होता.

“यातलं ‘दाऊ’ म्हणजे ‘तुम्ही’,” लेक म्हणाली. “जुन्या इंग्रजीतला भारदस्त शब्द आहे. मान देऊन बोलतोय तो.”

मैत्रीण खुदकन हसली. “अगं, उलटं! दाऊ म्हणजे तू! देवाला, जिवलगाला म्हणतात तसं. परक्यांना ‘यू’. आपण नाही का, शेजारच्या काकूंना तुम्ही, पण आईला तू? तू तुझ्या आईला काय म्हणतेस?”

लेकीची कानशिलं लाल झाली.

तेवढ्यात आई उठली. कापडाची घडी केली, पिशवी घेतली, दाराशी जाऊन चपला घातल्या.

“उरलेलं उद्या येऊन करते, ताई.”

मित्रांनो, स्वतःच्या घरातून ती माउली निघाली होती! लेकीचं खोटं उघडं पडू नये म्हणून!

“ए आई!” लेक धावली. तिनं आईचा पदर धरला. “कुठं चाललीस तू? तुझंच घर आहे ना गं!” आणि मैत्रिणीकडे वळून रडत म्हणाली, “ही माझी आई आहे. मी खोटं बोलले.”

मैत्रीण पुस्तकाच्या पानाशी चाळा करत राहिली. आईनं लेकीचे डोळे पुसले. “आधी परीक्षा दे, मग रड,” एवढंच म्हणाली.

लेक चांगल्या गुणांनी पास झाली. पण आता ती शाळेत गेल्यावरच आई मला चालवते. “चालव ना गं, मला नाही त्रास होत,” लेक विनवते. आई नुसती हसते, “असू दे.” लेक मग माझ्या चाकावर हात ठेवते आणि दप्तर उचलते.

मित्रांनो, मला काय, दोन थेंब तेल पुरतं. पण आपल्या माणसाला कधी परक्याचा मान देऊ नका. माझी सुई कापडाला टोचते ती दोन तुकडे जोडायला. तो मान नुसताच टोचतो.