अहेवांची भिंत

छावणीतील त्या दगडी घराला यंदा शंभर वर्षे पूर्ण झाली. त्यासाठी घराने काही कर्तृत्व गाजवले नव्हते. ते केवळ पडले नव्हते. परंतु घरमालक बद्रीनाथरावांना असा अभिमान चढला होता, की जणू एकेक दगड त्यांनीच डोक्यावर वाहून आणला. रविवारी शहरातील जुन्या घरांची माहिती गोळा करणारी मंडळी येणार होती. म्हणून चार दिवस फरशा घासल्या गेल्या, पितळी समया चिंचेने उजळल्या गेल्या. हे सारे करणाऱ्या सुनेला, प्रेरणाला, सासूबाई गीताबाईंनी बजावून ठेवले होते :

"मंडळी आली की तू मागच्या खोलीत बस. आन सामानबी तिकडंच ने. वरची खोली धाकट्याच्या लग्नाला लागंल."

प्रेरणाचा पती दीड वर्षापूर्वी करमाडजवळ अपघातात गेला होता. तेव्हापासून घरात काही शुभ असले, की तिची रवानगी मागे होई. आता ती कायमची होणार होती, कारण मागची खोली रिकामी झाली होती. तेथे अर्धे शतक काढून बद्रीनाथरावांच्या काकू, वच्छलाबाई, मागच्याच महिन्यात वारल्या होत्या.

रविवारी सकाळी मंडळींच्या आधी अरफा नावाची एक विद्यार्थिनी घर पाहून ठेवण्यासाठी आली. बद्रीनाथरावांनी तिला बैठकीच्या भिंतीसमोर उभे केले. तेथे घराण्याच्या तसबिरी होत्या. पुरुष सर्व वयांचे होते. शेवटी शेवटी दात पडलेलेही होते. स्त्रिया मात्र साऱ्या कोवळ्या, आणि त्यांच्या काचांवर हळदीकुंकवाची बोटे.

"काका, बुरा नका मानू," अरफा म्हणाली, "या घरात बायका लवकर वारायच्या का? भिंतीवर एकपण म्हातारी बाई दिसत नाही."

बद्रीनाथराव प्रसन्न हसले. "तसं नाय, बेटी. आमच्या घराण्याची रीत हाय. बाई अहेवपणी, कपाळावरच्या कुंकवासकट गेली, तरच तिचा फोटू बैठकीत लागतो. लई पुण्यवान बाया ह्या."

"आणि नवऱ्याच्या मागे राहिल्या त्या?"

"त्यांचं काय सांगायचं असतंय? राहिल्या."

एका शब्दात आटोपले! ज्या मातेच्या तसबिरीपुढे बद्रीनाथराव नित्य हात जोडतात, ती त्यांना जन्म देतानाच गेली. त्यांना न्हाऊमाखू घातले, शाळेत धाडले, विषमज्वरातून उठवले, ते तरुण वयात विधवा झालेल्या वच्छलाबाईंनी. दिरांनी हे घर फुंकून टाकायचे ठरवले, तेव्हा गिऱ्हाइकासमोर उंबऱ्यावर आडवी उभी राहिली तीही हीच बाई. पण तिचा अपराध मोठा होता. नवरा मेल्यावरही ती जगली होती.

"हा खिळा मोकळा कसा?" अरफाने विचारले.

इतक्यात गीताबाई चहा घेऊन आल्या. बद्रीनाथरावांना आपला नेहमीचा विनोद सुचला. "ती आमच्या हिची जागा! आतापासूनच राखून ठेवलीय."

या विनोदावर गीताबाई आजवर लाजून हसत आल्या होत्या. आज परक्या मुलीसमोर हसू ओठांपर्यंत आले आणि तेथेच विरले.

"आन मी मागं राहिले तर?"

"अभद्र बोलू नको."

"अभद्र काय त्याच्यात? बीपी तुम्हाला, शुगर तुम्हाला. माझा तर गुडघाबी दुखत नाय."

अरफाने घाईघाईने चहाचा कप तोंडाला लावला.

गीताबाई आत गेल्या. मागच्या खोलीत प्रेरणा आपली वळकटी कोपऱ्यात लावीत होती. खिडकी नव्हती; छताजवळ एक झरोका तेवढा होता. स्टुलावर वच्छलाबाईंची तसबीर होती. प्रेरणानेच मोबाईलवर टिपून मोठी करून आणलेली.

"पाहुणे आले की काकू दार लावून घ्यायच्या, न्हाय का?" गीताबाईंनी उगाच विचारले.

"कडी बाहेरून आहे, आई," प्रेरणा वळकटीवरून हात न काढता म्हणाली. "तुम्हीच लावायचात."

  गीताबाईंनी तसबीर पदराने पुसली, बैठकीत नेली आणि मोकळ्या खिळ्याला अडकवली.

"अगं, येड लागलं का? विधवेचा फोटू समोरच्या भिंतीला? काढ तो! मंडळी येतील आता!"

"जागा माझी हाय ना? मग मी देईन कुनालाबी."

"लोक काय म्हनतील?"

"हेच म्हनतील, की या घरात एक तरी बाई म्हातारी झाली." मग त्यांनी आत हाक दिली, "प्रेरणा! सामान वर ने, आन बाहेर ये!"

मंडळी आली. बद्रीनाथरावांनी आजोबांपासून प्रारंभ केला. थोड्याच वेळात कोणीतरी बोट दाखवून विचारले, "या आजी कोण?" बद्रीनाथरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.  तेव्हा दीड वर्षात परक्या माणसांसमोर प्रथमच उभी राहिलेली प्रेरणा पुढे झाली.

"या वच्छलाबाई. यांनी हे घर विकू दिलं नाही. यांनी बाबांना वाढवलं. आणि यांना आम्ही पाहुण्यांपासून लपवत होतो."

बद्रीनाथराव त्या दिवशी सुधारले, असे सांगून वाचकांना खूश करण्याची माझी इच्छा नाही. ते दिवसभर फुगून बसले. दुपारी जेवले मात्र प्रेरणाच्याच हातचे. असल्या पुरुषांकडून मला याहून अधिक अपेक्षा नाही. माझा प्रश्न घराण्याचे गोडवे गाणाऱ्या इतर सर्वांना आहे. तुमच्या घरातील कोणती बाई भिंतीवर नाही, आणि ती जिवंत असताना दाराची कडी बाहेरून कोण लावत होते? याचे उत्तर आधी द्यावे; मग घराच्या वयाचे कौतुक सांगावे. तोवर गप्प राहावे.