जपून ठेवलेलं मशीन

रविवार उजाडला की गुढ़ियारी या हिंदी बोलणाऱ्या वस्तीतल्या शेवंताबाई कपाट उघडत, साड्यांखालून निळी डबी काढत आणि कानाचं मशीन लावून बुद्ध विहारात वंदनेला जात. परत आल्या की मशीन पुन्हा डबीत. सहा वर्षांपूर्वी मुलानं, यशदीपनं, ते हौसेनं घेऊन दिलं होतं. पण चांगली वस्तू रोज वापरून झिजवणं त्यांच्या जिवावर येई. बाकीचे सहा दिवस घरच्यांनी ओरडून बोलायचं आणि बाईंनी निम्मं ऐकून हसायचं, असा शिरस्ता पडला होता. हसू नका, आपणही सोफ्यावरचं प्लास्टिक काढत नाही.

त्या रविवारी मात्र मशीन लावूनही वंदना ओठांवरून ओळखावी लागली. कान आणखी मंदावले होते. मशीनचा आवाज वाढवून घ्यायचा, एवढंच काम. दुसऱ्या दिवशी पती देवीदास आणि नात साक्षी त्यांना शंकर नगरातल्या दुकानात घेऊन गेले.

दुकानदारानं मशीन उलटंसुलटं करून पाहिलं. "एकदम नया है, अंकल. पर इसकी सेटिंग अब कम्प्यूटर पर खुलती नहीं. कंपनी ने इस मॉडल का सॉफ्टवेअर पिछले साल बंद कर दिया."

"बंद केलं म्हंजे? हे तं चालून राह्यलं ना, भैया! हप्त्यातून एकच दिवस लावते ते," देवीदासांनी बायकोकडे बोट दाखवलं.

"इस्तेमाल कंपनी नहीं देखती. साल देखती है."

देवीदासांनी मशीन हातात घेऊन पाहिलं. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत त्यांची हयात गेली होती. पंचवीस-पंचवीस वर्षं जुन्या वॅगन त्यांनी ठाकठीक करून रुळावर सोडल्या होत्या. आणि इथं न वापरलेली वस्तू डबीतल्या डबीत म्हातारी झाली! राग तरी कोणावर काढायचा? दुकानदार बिचारा नुसता निरोप्या.

त्यानं एक कागद पुढे केला. जुनं मशीन जमा करा, नव्यावर सूट घ्या. फक्त माताजींची सही हवी.

"कर सही," देवीदास बायकोच्या कानाशी ओरडले. "तुले आयकू येईन, बस झालं."

"काय लिवलं हाय त्याच्यावर?"

साक्षीनं वहीत मोठ्या अक्षरांत उतरवून दाखवलं: मशीन खराब झाल्यामुळे स्वखुशीनं परत करत आहे.

बाईंनी दोनदा वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"मशीन खराब नाई. यायनंच त्याले सोडून देल्लं. मंग मी काहून खोटं लिहून देऊ?"

"दादी, फिर सुनोगी कैसे?" साक्षीनं कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"नाई आयकणार. पण आज सही केली, तं उद्या नव्याचंबी हेच करतीन."

बोलणं सोपं होतं. पुढचे दिवस जड गेले. साक्षीनं धावत येऊन आपल्या परीक्षेचा निकाल सांगितला, तेव्हा आजी नुसत्या मान हलवत राहिल्या. पोरगी हिरमुसून आत गेली. शेवंताबाईंना तिचं हिरमुसणं कळलं आणि त्या पदरात तोंड लपवून रडल्या. देवीदासांनी दोनदा नव्या मशीनचा विषय काढला. दोन्ही वेळा शेवंताबाईंनी ग्राहक मंचाकडे द्यायचा तक्रारअर्जच पुढे केला. त्यात कंपनीला एकच प्रश्न होता: विकताना तुम्ही हे किती वर्षं सांभाळणार, ते आम्हांला का सांगितलं नाही?

सुनावणीच्या दिवशी बाईंना मंचाबाहेरच्या बाकावर बसवून देवीदास झेरॉक्स काढायला खाली गेले होते. शिपायानं दारातून पुकारा केला, "शेवंता देवीदास!" बाई भिंतीकडे पाहत बसल्या होत्या. दुसऱ्यांदा नाव घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. लोक इकडेतिकडे पाहू लागले. शिपाई त्यांची फाइल बाजूला ठेवणार, तोच तिच्यावरचा मशीनचा फोटो बाईंना दिसला. त्या तटकन उठल्या.

"मी इथंच हावो, भैया," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आयकू येत नाई, म्हणूनच तं आली."